सेंट लुईसचे जुने काउंटी न्यायालय : वास्तू, दप्तर आणि न्यायाची प्रतिमा

प्रस्तावना

न्यायालयाची इमारत हे राज्यसंस्थेने स्वतःविषयी केलेले एक विधान असते. उंच जोते, रुंद पायऱ्या, दगडी खांब आणि मध्यभागी घुमट यांच्या साहाय्याने कायदा हा व्यक्तीपेक्षा मोठा, स्थिर आणि सर्वांना समान आहे, असे नागरिकाच्या मनावर ठसविले जाते. वास्तुकलेच्या इतिहासात अशा इमारतींचे वर्णन बहुधा याच अंगाने होत आले आहे. शैली कोणती, वास्तुशिल्पी कोण, घुमटाची उंची किती, हे सांगून झाले की ‘न्यायमंदिर’ या शब्दापाशी वर्णन थांबते. त्या इमारतीत न्याय मागावयास कोण आले, त्यांना कोणत्या दालनात उभे राहावे लागले आणि ते दालन पुढे राहिले की नाही, हे प्रश्न या वर्णनाच्या बाहेरच राहतात.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावरील सेंट लुईस शहरात उभी असलेली जुनी काउंटी न्यायालयाची इमारत या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय घटक होय. महाराष्ट्रातील जिल्ह्याशी त्याची ढोबळ तुलना करता येते. अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात सर्वाधिक चर्चिला गेलेला आणि सर्वाधिक निषेधिला गेलेला निर्णय म्हणजे १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्याचा निर्णय. त्या खटल्याचा मूळ दावा १८४६ साली याच न्यायालयात दाखल झाला होता.

इमारतीचे जे भाग आज सर्वांत दिमाखदार दिसतात ते आणि तिच्यात घडलेला न्यायाचा इतिहास हे एकमेकांशी जुळत नाहीत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. म्हणून अशा वास्तूचे वाचन करताना दगड आणि दप्तर ही दोन्ही साधने सोबत ठेवणे आवश्यक ठरते.

जागा, शर्त आणि बांधणी

सेंट लुईस हे गाव १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी वसविले. १८०३ च्या लुइझियाना खरेदीनंतर ते अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १८२१ मध्ये मिसुरी हे गुलामगिरीला मुभा असलेले राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. त्यापूर्वीच, १८१६ साली, गावाच्या संस्थापकांपैकी एक असलेले ओग्युस्त शूटो आणि न्यायाधीश जॉन बाप्टिस्ट चार्ल्स ल्यूकस यांनी न्यायालयासाठी जमीन दिली. ही जमीन काउंटीच्या न्यायालयासाठीच कायम वापरली जावी, अशी शर्त त्यांनी घातली होती. ही शर्त पुढे शंभराहून अधिक वर्षांनी वादाचा विषय झाली.

या जागेवर लाव्हेल आणि मॉर्टन यांच्या आराखड्यानुसार उभारलेली पहिली विटांची इमारत १८२८ मध्ये पूर्ण झाली. गाव झपाट्याने वाढत होते. नदीवरील वाफेच्या बोटींनी त्याला पश्चिमेकडे जाणाऱ्या व्यापाराचे नाके बनविले होते. दशकभरातच ही इमारत अपुरी पडू लागली. १८३९ मध्ये हेन्री सिंगलटन यांच्या आराखड्यानुसार नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. मध्यभागी वर्तुळाकार सभादालन आणि त्याच्या चार बाजूंना चार भुजा, अशी ही क्रूसाकृती योजना होती. खर्च वाचावा म्हणून १८२८ ची विटांची इमारत पाडण्यात आली नाही. तीच पूर्वेकडील भुजा म्हणून नव्या योजनेत सामावून घेण्यात आली. मधले सभादालन आणि पश्चिमेकडील भुजा १८४५ पर्यंत वापरात आल्या.

त्यानंतर १८५१ पासून रॉबर्ट मिचेल यांच्या देखरेखीखाली दुसरा टप्पा सुरू झाला. पूर्वेकडील जुनी इमारत पाडून तेथे नवी भुजा बांधण्यात आली, उत्तर व दक्षिण भुजांचे काम झाले आणि १८५५ ते १८५८ या काळात पश्चिम भुजेची अंतर्गत पुनर्रचना करण्यात आली. तिसरा टप्पा घुमटाचा. सिंगलटन यांच्या काळातील लहान घुमट उतरवून विल्यम रम्बोल्ड यांनी १८६१ ते १८६४ या काळात लोखंडी सांगाड्याचा उंच घुमट उभारला. रोममधील सेंट पीटर्स या प्रसिद्ध चर्चचा घुमट हा त्याचा आदर्श होता. याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये संसद-भवनाचा लोखंडी घुमटही उभा राहत होता. सेंट लुईसची ही इमारत १८९४ पर्यंत मिसुरी राज्यातील सर्वांत उंच इमारत होती.

या कालक्रमातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ही वास्तू एका वेळी, एका हाताने घडलेली नाही. पाव शतकात ती तीन वास्तुशिल्पींच्या हाताखालून गेली आणि त्याच पाव शतकात तिच्यातील न्यायदालनांत गुलामगिरीविषयीचे कायदेशीर वाद चालू होते. कोणता भाग कोणत्या वर्षी उभा राहिला, हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

शैलीचा अर्थ

इमारतीची बाह्य शैली ग्रीक पुनरुज्जीवन या नावाने ओळखली जाते. डोरिक पद्धतीचे जाड, निरलंकार खांब, त्यांवर त्रिकोणी मुकुटभिंत आणि समोर पायऱ्या असलेला द्वारमंडप ही या शैलीची ठळक लक्षणे होत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील न्यायालये, बँका, विधिमंडळे आणि अनेक श्रीमंतांची निवासस्थानेही याच शैलीत बांधली गेली. प्राचीन अथेन्स ही लोकशाहीची जन्मभूमी आणि अमेरिका ही तिची वारस, असा भाव या शैलीमागे होता. ग्रीकांच्या तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे १८२० च्या दशकात या भावाला अधिक बळ मिळाले.

ही निवड निरागस नव्हती, असा आक्षेप घेता येतो. अथेन्सची लोकशाही गुलामांच्या श्रमावर उभी होती आणि दक्षिणेकडील मळेमालकांना ग्रीक खांब प्रिय असण्यामागे हे साम्यही होतेच. तथापि, केवळ शैलीवरून हेतूचा निष्कर्ष काढणे योग्य नाही. हेच खांब गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांतील न्यायालयांतही दिसतात. शैली स्वतः न्याय्य किंवा अन्याय्य नसते. ती एक आश्वासन देते. ते आश्वासन कोणाच्या बाबतीत पाळले गेले, हे खांब सांगू शकत नाहीत.

पायऱ्या आणि न्यायदालन

या इमारतीच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर माणसांचे लिलाव होत असत. एखादा मालक मरण पावला आणि त्याच्या मालमत्तेची वाटणी करावयाची किंवा कर्जे फेडावयाची असली, की मृतांच्या मालमत्तेचे व्यवहार पाहणाऱ्या प्रोबेट न्यायालयाच्या आदेशाने जमीन, जनावरे व सामानसुमान यांच्याबरोबरच गुलाम माणसेही विकली जात. हा व्यवहार काळ्या बाजारातला नव्हता. न्यायालयाच्या हुकुमाने, जाहीर सूचना देऊन, दिवसाढवळ्या तो चाले. कायद्याच्या दृष्टीने ती नित्याची कार्यालयीन बाब होती.

त्याच न्यायालयाच्या आतील दालनांत मात्र गुलाम माणसे वादी म्हणून उभी राहत होती. मिसुरीत १८२४ च्या एका कायद्याने, आपल्याला बेकायदेशीरपणे गुलामगिरीत ठेवले आहे असे म्हणणाऱ्या व्यक्तीला न्यायालयात अर्ज करण्याची मुभा दिली होती. अर्जात तथ्य दिसल्यास न्यायालय त्या व्यक्तीला निर्धन वादी म्हणून दावा चालविण्याची परवानगी देई आणि वकीलही नेमून देई. दाव्याचे तांत्रिक स्वरूप मारहाण व बेकायदा डांबून ठेवणे या आरोपांचे असे. मारहाणीबद्दल दाद स्वतंत्र व्यक्तीलाच मागता येते. म्हणून वादी स्वतंत्र आहे की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाला ठरवावाच लागे.

त्याच वर्षी विनी या स्त्रीच्या दाव्यात मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मान्य केले. मालकाने गुलामाला गुलामगिरी निषिद्ध असलेल्या प्रदेशात वास्तव्यासाठी नेले, तर ती व्यक्ती स्वतंत्र होते आणि मिसुरीत परत आणल्याने ते स्वातंत्र्य नष्ट होत नाही, असे हे तत्त्व होते. सेंट लुईस नदीकाठी वसलेले आणि पलीकडच्या काठावर गुलामगिरीला बंदी असलेले इलिनॉय राज्य. त्यामुळे या तत्त्वाचा आधार घेणारे दावे येथे मोठ्या संख्येने आले. सेंट लुईसच्या न्यायालयीन दप्तरात अशा मुक्तिदाव्यांची तीनशेहून अधिक प्रकरणे सापडली आहेत. ज्या शूटो घराण्याने न्यायालयाला जमीन दिली, त्याच घराण्यातील प्येर शूटो यांच्याविरुद्ध मार्गरीत या स्त्रीने दीर्घकाळ लढविलेला दावाही त्यांत आहे. १८०५ मध्ये सुरू झालेला हा लढा १८३० च्या दशकात तिच्या बाजूने संपला.

या दाव्यांतील आणखी एक उल्लेखनीय प्रकरण ल्यूसी डिलेनी यांचे होय. त्यांची आई पॉली यांनी स्वतःचे स्वातंत्र्य मिळविले आणि मुलीसाठीही दावा लावला. स्वतंत्र स्त्रीची मुलगी गुलाम असू शकत नाही, हा युक्तिवाद १८४४ मध्ये वकील एडवर्ड बेट्स यांनी मांडला. तोपर्यंत ल्यूसी सुमारे सतरा महिने तुरुंगात होत्या. गुन्हा कोणताच नव्हता, केवळ दावा प्रलंबित होता. दावा जिंकून त्या मुक्त झाल्या आणि पुढे त्यांनी आपली हकिगत पुस्तकरूपाने लिहिली. हेच बेट्स लिंकन यांच्या मंत्रिमंडळात महान्यायवादी झाले आणि अमेरिकेत जन्मलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस हा नागरिक आहे, असे अधिकृत मत त्यांनी १८६२ मध्ये दिले.

तात्पर्य, एकाच इमारतीच्या पायऱ्यांवर माणूस ही मालमत्ता होती आणि आतल्या दालनात तीच मालमत्ता आपण माणूस आहोत असे शपथेवर सांगत होती. दोन्ही व्यवहार एकाच कायद्याच्या अधिकाराखाली चालत. म्हणून या वास्तूला ‘न्यायमंदिर’ म्हणणे जितके अपुरे, तितकेच तिला केवळ ‘अन्यायाचे स्मारक’ म्हणणेही अपुरे आहे.

स्कॉट दांपत्याचा दावा

ड्रेड स्कॉट यांचा जन्म व्हर्जिनियात १७९९ च्या सुमारास झाला. ब्लो कुटुंबाबरोबर ते १८३० मध्ये सेंट लुईसला आले. पुढे लष्करातील डॉक्टर जॉन एमर्सन यांनी त्यांना विकत घेतले. एमर्सन यांच्या बदल्यांबरोबर स्कॉट प्रथम इलिनॉय राज्यातील आणि नंतर उत्तरेकडील विस्कॉन्सिन प्रदेशातील फोर्ट स्नेलिंग या छावणीत राहिले. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला बंदी होती. फोर्ट स्नेलिंग येथेच त्यांचा हॅरिएट रॉबिन्सन यांच्याशी विवाह झाला. एमर्सन १८४३ मध्ये वारले आणि स्कॉट कुटुंब त्यांच्या पत्नी आयरीन यांच्या ताब्यात राहिले.

६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड आणि हॅरिएट यांनी सेंट लुईसच्या न्यायालयात दोन स्वतंत्र अर्ज दाखल केले. ड्रेड स्कॉट यांच्या अर्जावर सही नाही. फुलीची निशाणी आहे. हॅरिएट यांच्या स्वतंत्र अर्जाचे महत्त्व पुष्कळ काळ दुर्लक्षिले गेले. आईच्या दर्जावरून मुलांचा दर्जा ठरत असल्यामुळे एलायझा आणि लिझी या दोन मुलींचे भवितव्य वास्तविक आईच्या दाव्यावर अवलंबून होते. इतिहासग्रंथांत हा खटला पतीच्या एकट्याच्या नावाने ओळखला जातो. दप्तरात मात्र दोन अर्ज आहेत.

पहिली सुनावणी ३० जून १८४७ रोजी पश्चिम भुजेतील तळमजल्यावरच्या दालनात झाली. तत्कालीन पायंडा पाहता स्कॉट यांचा दावा बळकट होता. तरीही ते हरले आणि हरण्याचे कारण विलक्षण होते. स्कॉट कुटुंबाला आयरीन एमर्सन यांच्याकडून कामासाठी भाड्याने घेतल्याचे सांगणाऱ्या साक्षीदाराने उलटतपासणीत कबूल केले की, तो व्यवहार प्रत्यक्षात त्याच्या पत्नीने केला होता. साक्ष ऐकीव ठरली. आयरीन या स्कॉट यांना गुलाम म्हणून ठेवीत आहेत, ही गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदोपत्री सिद्ध झाली नाही आणि या कमतरतेमुळे ते त्यांचेच गुलाम राहिले.

न्यायाधीश अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी फेरसुनावणी मंजूर केली. दरम्यान स्कॉट कुटुंब शेरीफच्या ताब्यात देण्यात आले. शेरीफ त्यांना कामावर लावी आणि मजुरी निकालापर्यंत जमा ठेवली जाई. दुसरी सुनावणी जानेवारी १८५० मध्ये झाली. या वेळी पुराव्यातील उणीव भरून काढण्यात आली आणि ज्यूरीने स्कॉट यांच्या बाजूने कौल दिला. ज्यूरीतील सर्वजण गोरे पुरुष होते. गुलामगिरी मान्य असलेल्या राज्यातील गोऱ्या ज्यूरीने एका गुलाम कुटुंबाला स्वतंत्र ठरविले, हे या न्यायालयाच्या इतिहासातील महत्त्वाचे सत्य आहे. पुढील पराभवाच्या छायेत ते सहसा झाकले जाते.

आयरीन एमर्सन यांनी अपील केले. मार्च १८५२ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल फिरविला. काळ बदलला आहे, असे कारण देऊन सुमारे तीन दशकांचा पायंडा मोडण्यात आला. त्यानंतर स्कॉट यांनी संघराज्याच्या न्यायालयात नवा दावा लावला. तो मात्र या इमारतीत चालला नाही. अखेर ६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने स्कॉट यांच्याविरुद्ध निर्णय दिला. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींना अमेरिकेचे नागरिकत्व असू शकत नाही आणि संसदेला प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार नाही, असे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले. चार वर्षांनी यादवी युद्ध सुरू झाले.

खटल्याचा शेवट मात्र पुन्हा सेंट लुईसमध्येच झाला. आयरीन यांचे दुसरे पती गुलामगिरीचे विरोधक होते; निकालानंतर मालकीहक्क ब्लो कुटुंबातील टेलर ब्लो यांच्याकडे देण्यात आला आणि २६ मे १८५७ रोजी त्यांनी याच न्यायालयात स्कॉट कुटुंबाचे मुक्तिपत्र नोंदविले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेले स्वातंत्र्य काउंटीच्या न्यायालयातील एका साध्या नोंदीने मिळाले. ते उपभोगण्यास ड्रेड स्कॉट यांना दीड वर्षही मिळाले नाही. १७ सप्टेंबर १८५८ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. याच न्यायालयात मार्च १८५९ मध्ये, पुढे उत्तरेचे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांनी विल्यम जोन्स या आपल्या गुलामाचे मुक्तिपत्र नोंदविले.

नसलेले दालन, असलेला घुमट

येथे वास्तूच्या कालक्रमाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. स्कॉट यांचे दोन्ही खटले ज्या दालनात चालले, ते दालन आज अस्तित्वात नाही. वरच्या मजल्यावरील न्यायदालनाला पुरेसा आधार नव्हता; म्हणून १८५० च्या दशकातील पुनर्रचनेत खालचे मोठे दालन विभागून त्यातून मार्गिका काढण्यात आली. ही कृती इतिहास पुसण्यासाठी केलेली नव्हती. ती बांधकामाची गरज होती. परंतु जे दालन जपून ठेवावे असे त्या काळी कोणाला वाटले नाही, ते कोणाचे होते, हा प्रश्न उरतोच.

याउलट, आज या इमारतीची ओळख बनलेला घुमट स्कॉट यांनी पाहिलाच नाही. त्याचे काम सुरू झाले तेव्हा त्यांच्या मृत्यूला तीन वर्षे होत आली होती. सध्याचा पूर्वेकडील दर्शनी भागही पहिल्या सुनावणीनंतरचा आहे. म्हणजे घुमटाचे छायाचित्र छापून त्याखाली ‘ड्रेड स्कॉट खटल्याचे न्यायालय’ असे लिहिले जाते, तेव्हा चित्र आणि ओळ या दोन्हींत एक फट राहते. खटला ज्यात चालला ती इमारत लहान, अर्धवट बांधलेली आणि एका बाजूने जुन्या विटांच्या बांधणीची होती.

घुमटाच्या आतील चित्रांतून हीच विसंगती अधिक स्पष्ट होते. १८६२ मध्ये कार्ल विमर यांनी येथे भित्तिचित्रे रंगविली. स्पॅनिश संशोधक डी सोटो यांना झालेले मिसिसिपीचे दर्शन, १७६४ मधील गावाची स्थापना, १७८० मधील गावावरचा हल्ला आणि पश्चिमेकडील विस्तार हे त्यांचे विषय होते. बाहेर यादवी युद्ध चालू होते आणि स्कॉट निर्णयाला अवघी पाच वर्षे झाली होती. तरीही न्यायालयाच्या मध्यवर्ती दालनात सांगितलेली कथा विजयाची आणि विस्ताराची आहे. ज्यांच्या दाव्यांनी खालची दालने भरली होती, ते या कथेत नाहीत. चित्रकाराचे कसब निर्विवाद आहे. विषयांची निवड मात्र त्या समाजाचे मन उघड करते. याच सभादालनात १८४९ च्या रेल्वे परिषदेत सिनेटर टॉमस हार्ट बेंटन यांनी पॅसिफिकपर्यंत लोहमार्ग नेण्याचा पुरस्कार केला होता. त्यांच्या दृष्टीने तो हिंदुस्थान व पूर्वेकडील देशांच्या व्यापाराचा रस्ता होता. घुमटाखालून हिंदुस्थान दिसत होता. दालनातला वादी दिसत नव्हता.

स्त्रीचा मताधिकार आणि तीच वाट

यादवी युद्धानंतर मिसुरीने जानेवारी १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने टॉनी यांचा नागरिकत्वाविषयीचा निष्कर्ष निरर्थक ठरविला. याच दुरुस्तीचा आधार घेऊन व्हर्जिनिया मायनर यांनी १५ ऑक्टोबर १८७२ रोजी सेंट लुईसमध्ये मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न केला. नोंदणी अधिकाऱ्याने नकार दिल्यावर दावा याच न्यायालयात लागला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने एकटीने दावा लावता येत नसल्यामुळे पती फ्रान्सिस यांना सहवादी व्हावे लागले. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, स्त्री नागरिक आहे, परंतु नागरिकत्वात मताधिकार अंतर्भूत नाही. १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत हीच स्थिती राहिली. दोन्ही दाव्यांची वाट सारखीच आहे : काउंटी न्यायालयातील अर्ज, वरच्या न्यायालयातील पराभव आणि शेवटी घटनेतच बदल.

जतन आणि अर्थांतर

१८७६ मध्ये शहर आणि काउंटी वेगळे करण्याचा निर्णय झाला आणि इमारत शहराच्या वापरात राहिली. १९३० मध्ये न्यायालये नव्या इमारतीत गेली. तेव्हा मूळ दात्यांच्या वारसांनी १८१६ च्या शर्तीवर बोट ठेवून जमीन परत मागितली. मात्र त्यांना यश आले नाही. १९३५ मध्ये नदीकाठी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. त्यासाठी सुमारे चाळीस गाळ्यांचा जुना वस्तीभाग पाडण्यात आला. न्यायालय मात्र वाचले आणि १९४० मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले. १९६५ मध्ये एरो सारिनेन यांच्या आराखड्यानुसार ६३० फूट उंचीची पोलादी कमान पूर्ण झाली. पश्चिमेकडील विस्ताराचे हे स्मारक न्यायालयाच्या अक्षावरच उभे आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जतनाचा अर्थ बदलत गेला. मुक्तिदाव्यांची कागदपत्रे शोधून, स्वच्छ करून अभ्यासकांना उपलब्ध करून देण्यात आली. २०१२ मध्ये इमारतीच्या आवारात ड्रेड आणि हॅरिएट या दोघांचा एकत्र पुतळा उभारण्यात आला. त्यानंतरच्या दीर्घ नूतनीकरणानंतर इमारत मे २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली आणि मुक्तिदाव्यांना तिच्या प्रदर्शन-दालनांत स्वतंत्र स्थान मिळाले. पुतळ्यात हॅरिएट यांचा समावेश होणे हे दप्तराच्या वाचनाचे फळ आहे. कागदावर दोन अर्ज होते म्हणून बाहेर दोन मूर्ती उभ्या राहिल्या.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. याच वर्षी मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया मायनर यांचा दावा फेटाळला होता. पुण्यात बसून एका भारतीय विचारवंताने अमेरिकेतील घटनेचा जो अर्थ लावला, तो एका व्यापक मानवी बंधुत्वाचा होता.

अर्पणपत्रिकेत मुक्त करणाऱ्यांचा गौरव आहे. सेंट लुईसच्या दप्तरात मुक्त होऊ पाहणाऱ्यांची धडपड आहे. फुली करून अर्ज देणारे ड्रेड स्कॉट, मुलींसाठी स्वतंत्र दावा लावणाऱ्या हॅरिएट, मुलीला तुरुंगातून सोडविणाऱ्या पॉली ही माणसे कोणाच्या दयेची वाट पाहत थांबली नव्हती. शूद्रातिशूद्रांनी स्वतः विद्या मिळवावी आणि स्वतः बोलावे, हा फुले यांच्या एकूण कार्याचा गाभा लक्षात घेतला, तर ही दुसरी बाजू त्यांच्या विचाराला पूरकच ठरते. मराठीत ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेची चर्चा पुष्कळ झाली आहे, तिच्यासोबत या दाव्यांची कागदपत्रेही वाचली जाणे उपयुक्त ठरेल.

समारोप

सेंट लुईसच्या जुन्या न्यायालयाचे वास्तुमूल्य वादातीत आहे. क्रूसाकृती योजना, डोरिक द्वारमंडप आणि त्या काळातील धाडसी लोखंडी घुमट यांमुळे अमेरिकेतील सार्वजनिक वास्तुकलेच्या इतिहासात तिला स्थान आहे. परंतु हे मूल्य तिच्या न्यायाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. जो भाग भव्य आहे तो उशिरा आला. जो भाग महत्त्वाचा होता तो मोडला गेला. आणि जे खरोखर टिकले ते कागदावर टिकले.

इतिहास, वास्तुकला, विधी आणि साहित्य या विषयांच्या अध्यापकांना यातून एक अभ्यासपद्धती मिळते. जुन्या न्यायालयाची इमारत पाहताना प्रथम तिच्या प्रत्येक भागाचे वर्ष निश्चित करावे. नंतर त्या वर्षी तिच्यात कोणाचे दावे चालू होते, ते दप्तरातून शोधावे. आणि शेवटीच शैलीच्या अर्थाकडे वळावे. हा क्रम उलटा झाला की घुमटालाच न्याय समजण्याची चूक घडते. ज्या ज्यूरीने १८५० मध्ये स्कॉट कुटुंबाच्या बाजूने कौल दिला, तिच्या डोक्यावर तो घुमट नव्हता. तिच्यासमोर होते ते पुरावे, साक्षी आणि फुलीची निशाणी असलेला एक अर्ज.